बरोक चर्चच्या दारातली तिकीटखिडकी

इटलीच्या बुटाच्या टाचेवर, सालेंतो नावाच्या सपाट आणि उन्हाने तापलेल्या प्रदेशात लेच्चे हे जुने शहर आहे. त्या शहरातील सांता क्रोचे ही बासिलिका (विशेष मान मिळालेले चर्च) दक्षिण इटलीतील बरोक, म्हणजे सतराव्या शतकात बहरलेल्या नाट्यमय आणि अलंकारप्रचुर शैलीच्या, वास्तुकलेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना मानली जाते. २०१९ पासून या बासिलिकेत, शहराच्या मुख्य चर्चमध्ये म्हणजे दुओमोत आणि आणखी काही जुन्या चर्चमध्ये जायचे असेल तर पर्यटकाला तिकीट काढावे लागते. प्रार्थनेसाठी येणाऱ्याला आणि स्थानिक रहिवाशाला ते माफ आहे. इटलीत ही प्रथा आता अपवादाची राहिलेली नाही. व्हेनिसमधील अनेक चर्चनी १९९७ मध्ये एकत्र येऊन संस्था स्थापन केली आणि एकाच पासावर सर्वांचे दर्शन देण्याची व्यवस्था सुरू केली. फ्लॉरेन्समधील काही प्रसिद्ध चर्चमध्येही तिकीट आहे. रोममधील पँथिऑन ही मूळची रोमन देवालयाची वास्तू असली तरी सातव्या शतकापासून ते चर्च आहे, आणि तेथेही ३ जुलै २०२३ पासून तिकीट आहे; सुरुवातीला ते पाच युरोंचे होते. त्यामुळे चर्च पाहायला येणाऱ्याकडून पैसे घ्यावेत का, हा प्रश्न आता एका शहराचा उरलेला नाही. माझे मत असे आहे की चर्चच्या मुख्य दालनाचे दार प्रत्येकासाठी विनामूल्य उघडे असले पाहिजे, आणि बरोक चर्चच्या बाबतीत तर या मताचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द त्या वास्तूतच आहे.

सांता क्रोचेचे बांधकाम १५४९ मध्ये गाब्रिएले रिक्कार्दी याच्या आराखड्यानुसार सुरू झाले आणि तिचा दर्शनी भाग पुरा व्हायला शंभरेक वर्षे गेली. सेलेस्टाइन पंथाच्या संन्याशांचा जुना मठ सम्राट पाचव्या चार्ल्सचा किल्ला बांधताना पाडला गेला, आणि त्यांना नवी जागा मिळाली ती ज्या वस्तीतून ज्यू कुटुंबांना हाकलून दिले होते त्या वस्तीत. ही कटू हकिकत गाळून या वास्तूचे कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, म्हणून ती आधीच नोंदवतो. चर्चसमोर मोठा चौक नाही. अरुंद रस्त्याने चालत आलेला माणूस अचानक तिच्या पायाशी येऊन उभा राहतो आणि त्याला मान वर करावी लागते. खालचा मजला बराच संयमी आहे: गुळगुळीत स्तंभ, त्यांच्यामध्ये दारे, दारांवर राजचिन्हे. नजर वर सरकू लागते तसतसा हा संयम सुटत जातो. लांबलचक सज्जा खाली ओळीने बसवलेल्या आकृत्यांच्या पाठींवर तोललेला आहे. त्या आकृत्यांत सिंह आहेत, गरुडाच्या तोंडाचे आणि सिंहाच्या अंगाचे काल्पनिक प्राणी आहेत, आणि ओझ्याने वाकलेली माणसे आहेत. या माणसांपैकी काहींच्या वेशावरून ती १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत पकडलेले तुर्की कैदी असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. सज्ज्याच्या वर प्रचंड चक्राकार खिडकी आहे आणि तिच्याभोवती पाने, फळे आणि देवदूतांची चिमुकली मुखे यांची कडी एकात एक गुंफलेली आहेत. हा वरचा भाग चेझारे पेन्ना आणि जुझेप्पे झिम्बालो यांच्या नावांशी जोडला जातो आणि त्यावर १६४६ हे साल आहे. एवढी बारीक कलाकुसर शक्य झाली ती दगडामुळे. लेच्चेचा दगड मधाच्या रंगाचा मऊ चुनखडक आहे. खाणीतून काढल्यावर तो छिन्नीला सहज वश होतो आणि हवेत राहून पुढे घट्ट होत जातो.

हे वर्णन मी मुद्दाम लांबवले, कारण माझा युक्तिवाद याच दगडावर उभा आहे. हा दर्शनी भाग रस्त्याने जाणाऱ्यासाठी आहे. तो भाविक आहे की नाही, त्याला वाचता येते की नाही, त्याच्या खिशात काय आहे, यांपैकी काहीही न विचारता त्याला थांबवावे आणि आत बोलवावे, हे त्या कोरीवकामाचे काम आहे. बाहेर सुरू झालेले वाक्य आत वेदीपाशी पुरे होते. दारात तिकीटखिडकी आली की हे वाक्य मध्येच तुटते. रस्त्यावरच्या माणसाला निमंत्रण मिळते आणि उंबरठ्यावर त्याच्याकडून दाम मागितले जाते.

याला इतिहासाचाही आधार आहे. १५४५ ते १५६३ या काळात त्रेंतो येथे भरलेल्या धर्मपरिषदेने कॅथलिक धर्माची घडी नव्याने बसवली. परिषदेच्या अखेरच्या बैठकीत, डिसेंबर १५६३ मध्ये, पवित्र चित्रे आणि मूर्ती यांविषयीचा ठराव संमत झाला. चित्रे आणि मूर्ती यांच्याद्वारे सामान्य माणसाला श्रद्धेचे शिक्षण द्यावे, त्याच्या मनात भक्ती जागवावी, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास चर्चची अंतर्रचनाही बदलू लागली. मध्ययुगीन चर्चमध्ये धर्मगुरूंची जागा आणि सामान्य जनांची जागा यांच्यामध्ये उंच भिंतीसारखा आडोसा असे, आणि त्यापलीकडची मुख्य वेदी मागच्या लोकांना धड दिसतही नसे. नव्या विचारात हे आडोसे नकोसे झाले. फ्लॉरेन्समध्ये १५६० च्या दशकात ज्योर्जो वाझारी या चित्रकार-वास्तुकाराने तेथील सांता क्रोचे (नाव तेच असले तरी ही चर्च लेच्चेच्या चर्चहून वेगळी) आणि सांता मारिया नोवेल्ला या दोन्ही चर्चमधील आडोसे काढून टाकले, जेणेकरून दारातून आत आलेल्याची नजर थेट वेदीपर्यंत पोहोचावी. रोममध्ये १५६८ मध्ये सुरू झालेल्या, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या इल जेझू या चर्चमध्ये तर एकच प्रशस्त दालन ठेवण्यात आले. पुढच्या दीडशे वर्षांत जगभर बांधल्या गेलेल्या असंख्य बरोक चर्चनी हा आराखडा गिरवला. वाझारीने ज्या दोन चर्चमधील आडोसा हटवला, त्या दोन्ही चर्चमध्ये आज पर्यटकाला तिकीट लागते. आतला आडोसा साडेचारशे वर्षांपूर्वी गेला आणि आपल्या काळात तो दारापाशी परत उभा राहिला. या बदलाचे गांभीर्य तिकीट लावणाऱ्यांना पुरेसे जाणवले आहे असे मला वाटत नाही.

यावर सहसा असे उत्तर दिले जाते की प्रार्थना करणाऱ्याला कोणीही अडवत नाही, पैसे घेतले जातात ते केवळ पाहणाऱ्याकडून. वरकरणी हे उत्तर न्याय्य वाटते आणि चर्चच्या कायद्याशीही ते जुळते. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेचे १२२१ वे कलम सांगते की धार्मिक विधी चालू असताना चर्चमधील प्रवेश मुक्त आणि विनामूल्य असला पाहिजे. विधी नसलेल्या वेळेविषयी हे कलम मौन बाळगते आणि तिकिटाला जागा मिळते ती याच मौनात. परंतु प्रार्थना आणि पाहणे यांची अशी फारकत बरोक चर्चमध्ये करता येते का, हा खरा प्रश्न आहे. लेच्चेच्या सांता क्रोचेमध्येच फ्रान्चेस्को आंतोनिओ झिम्बालो याने १६१४-१५ च्या सुमारास घडवलेली पाओलाच्या संत फ्रान्सिसची वेदी आहे. तिच्यावर त्या संताच्या जीवनातील बारा प्रसंग दगडात कोरलेले आहेत. एकेका चौकटीपाशी थांबून, एक प्रसंग संपवून दुसऱ्याकडे वळणारा माणूस त्या घटकेला काय करत असतो? ज्याने ही वेदी घडवली त्याच्या दृष्टीने पाहणे हीच उपासना होती. त्रेंतोच्या ठरावाचा अर्थही तोच होता. मग दारात बसलेल्या कर्मचाऱ्याने कोणत्या कसोटीवर ठरवायचे की समोरचा माणूस भाविक आहे की प्रेक्षक? वेशावरून, हातातल्या कॅमेऱ्यावरून, की कातडीच्या रंगावरून? कर्मचारी कितीही सौजन्याने वागला तरी 'आपण कशासाठी आलात' हा प्रश्न त्याला मनात तरी विचारावाच लागतो, आणि चर्चच्या दारात विचारला जाऊ नये असा नेमका हाच प्रश्न आहे.

सगळ्यांत अवघड स्थिती होते ती मधल्या माणसाची. ज्याची श्रद्धा डळमळीत आहे, ज्याला आपण प्रार्थना करणार आहोत की नुसतेच बसणार आहोत हे ठाऊक नाही, जो अन्य धर्माचा आहे पण ज्याला त्या शांततेत दोन क्षण घालवावेसे वाटतात, अशा माणसासाठी या व्यवस्थेत रकानाच नाही. त्याने खोटे बोलून भाविकांच्या बाजूने आत जायचे किंवा पैसे भरून पर्यटक व्हायचे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. इटलीतील जुन्या चर्चमध्ये मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा मी याच मधल्या माणसांपैकी एक होतो, आणि आपल्या वाचकांपैकी जे तिकडे गेले असतील त्यांच्यापैकी बहुतेकांची स्थिती अशीच असणार. नोकरी-शिक्षणासाठी मिलान, तोरिनो, रोम अशा शहरांत राहणाऱ्या मराठी माणसांनाही हा अनुभव परका नसावा.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मात्र हलके लेखता येत नाही. ज्या मऊपणामुळे लेच्चेचा दगड शिल्पकाराला वश झाला, त्याच मऊपणामुळे तो खाऱ्या वाऱ्यापुढे आणि ओलाव्यापुढेही हार मानतो. पृष्ठभाग पोखरला जातो, लहान लहान खळगे पडतात, कोरीव मुखांची नाके-डोळे पुसट होत जातात. अशा दर्शनी भागाची निगा राखणे हे दर काही दशकांनी पुन्हा करावे लागणारे, खर्चिक आणि कसबी कारागिरांवर अवलंबून असलेले काम आहे. त्यात हेळसांड झाली तर काय होते, याचे इटलीतील सर्वांत बोलके उदाहरण सिसिलीतील नोतो या गावाचे आहे. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात आग्नेय सिसिलीतील सुमारे ६०,००० माणसे दगावली आणि जुने नोतो उद्ध्वस्त झाले. मग काही किलोमीटर दूर, नव्या जागी, संपूर्ण गाव बरोक शैलीत आखून बांधले गेले. तेथील संत निकोलसचे कॅथीड्रल रुंद पायऱ्यांच्या माथ्यावर उभे आहे. डिसेंबर १९९० च्या भूकंपाने त्याला तडे गेले. १३ मार्च १९९६ रोजी रात्री त्याच्या मधल्या दालनाचे खांब ढासळले आणि घुमटाचा मोठा भाग व छप्पर खाली आले. आत त्या वेळी कोणी नव्हते म्हणून प्राणहानी टळली. खांब बाहेरून घडीव दगडाचे दिसत असले तरी त्यांच्या पोटात गोटे आणि भरताड होते, आणि विसाव्या शतकात घातलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या जड छपराचा भार त्यांच्यावर होता. ज्यांच्यावर या वास्तूची जबाबदारी होती त्यांना भूकंपानंतर पाच वर्षांहून अधिक अवधी मिळाला होता. ही दुर्घटना लक्षात ठेवली की चर्चच्या देखभालीसाठी पैसा हवा, आणि तो वेळेवर हवा, हे म्हणणे नाकारता येत नाही.

परंतु नोतोची पुढची हकिकत तिकिटाच्या बाजूने साक्ष देत नाही. हे कॅथीड्रल पुन्हा उभे राहिले ते सरकारी निधीतून. पारंपरिक पद्धतीने, दगडावर दगड रचून, खांब नव्याने बांधले गेले आणि जून २००७ मध्ये कॅथीड्रल पुन्हा उघडले. मधल्या काळात, २००२ मध्ये, नोतोसह त्या परिसरातील आठ गावांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. एवढे मोठे काम पर्यटकांच्या पाच-दहा युरोंतून उभे राहिले नसते. घुमट कोसळतो तेव्हा समाज धावून येतो, करदात्याच्या पैशाने तो उभारला जातो. असे असताना तोच करदाता दारात आला की त्याच्याकडून पुन्हा दाम घ्यायचे, हे मला पटत नाही.

करदाता या चर्चसाठी एरवीही पैसे देतच असतो. १९८५ च्या कायद्यानुसार इटलीतील प्राप्तिकराच्या दर हजार युरोंमागे आठ युरो सरकार, कॅथलिक चर्च किंवा अन्य मान्यताप्राप्त धर्मसंस्था यांच्यात करदात्यांनी दर्शवलेल्या पसंतीनुसार वाटले जातात. कॅथलिक चर्चच्या वाट्याला यातून दरवर्षी एक अब्ज युरोंच्या आसपास रक्कम येते आणि तिचा काही हिस्सा वास्तूंच्या जतनासाठी खर्च होतो. शिवाय एकोणिसाव्या शतकात मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, त्यामुळे आठशेहून अधिक चर्च आज थेट इटलीच्या गृह मंत्रालयाखालील एका निधीच्या मालकीची आहेत. वर उल्लेखिलेले इल जेझू त्यांपैकीच एक. अशा वास्तू कायद्याने आणि खर्चाने सार्वजनिक आहेत. त्या पाहण्याचा हक्क हा रस्त्यावरून चालण्याच्या हक्काइतकाच साधा असायला हवा.

मग अधिकचा पैसा आणायचा कुठून? या प्रश्नाचे उत्तर खुद्द इटलीच्या बिशप परिषदेने जानेवारी २०१२ मध्ये देऊन ठेवले आहे. चर्चमधील प्रवेशाविषयीच्या आपल्या टिपणात परिषदेने स्पष्ट केले की परंपरेनुसार चर्च सर्वांना विनामूल्य खुली असली पाहिजेत, आणि तिकीट आकारायचेच असेल तर ते मुख्य दालनापासून स्पष्टपणे वेगळ्या असलेल्या भागांसाठी आकारावे. तळघर, घंटामनोरा, खजिन्याचे दालन, मठाचे अंगण, संग्रहालय हे ते भाग. ही विभागणी मला सर्वार्थाने शहाणपणाची वाटते. घंटामनोऱ्यावर चढून शहराचे दृश्य पाहण्यासाठी पैसे द्यावे लागले तर कोणाच्या श्रद्धेला किंवा कुतूहलाला धक्का पोहोचत नाही. वेदीसमोरचा बाक मात्र वेगळा. आपल्याच परिषदेचे हे टिपण बाजूला सारून इतक्या धर्मप्रांतांनी (एकेका बिशपच्या अखत्यारीतील विभागांनी) मुख्य दालनालाच तिकीट लावावे, याचा खुलासा त्या त्या धर्मप्रांताने जाहीरपणे केला पाहिजे.

दुसरा मार्ग नगरपालिकेचा आहे. इटलीतील पर्यटनस्थळांच्या नगरपालिकांना २०११ च्या कायद्याने मुक्कामी पाहुण्यांकडून दर रात्रीमागे कर घेण्याची मुभा दिली आहे, आणि त्या उत्पन्नाचा विनियोग पर्यटनासाठी तसेच स्थानिक सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी करावा, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. लेच्चेसारख्या शहरात पाहुणा येतो तो मुख्यतः ही चर्च पाहायला. हॉटेले, खानावळी, कॉफीची दुकाने, भाड्याची घरे यांची कमाई या दगडी दर्शनी भागांच्या जिवावर चालते. तेव्हा चर्चच्या निगराणीचा भार या संपूर्ण अर्थव्यवहारावर वाटून टाकणे न्यायाचे आहे. रात्रीच्या करातील ठरावीक हिस्सा कायमस्वरूपी चर्चच्या देखभालीसाठी बाजूला काढला तर पाहुण्याचा खिसा तेवढाच हलका होईल, पण चर्चच्या दारात त्याला कोणी अडवणार नाही. यात एक अडचण आहे आणि ती मी मान्य करतो. सकाळी बसने येऊन संध्याकाळी परतणारा प्रवासी हा कर भरत नाही. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी अशा प्रवाशांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली, पण ती वाट मला लेच्चेसाठी सुचवावीशी वाटत नाही. शहराच्या वेशीवर तिकीट लावणे म्हणजे हाच दोष आणखी मोठा करणे होय.

व्हेनिसच्या चर्चसंस्थेचा युक्तिवाद मात्र अधिक वजनदार आहे. एका प्रसिद्ध चर्चच्या तिकिटातून कोणी फिरकत नसलेल्या दुसऱ्या चर्चची दुरुस्ती होते, तेथे माणूस नेमता येतो आणि तीही उघडी राहते, असे तिकीट मागणाऱ्यांचे म्हणणे आहे. इटलीच्या लहान गावांतून फिरलेल्या कोणालाही यातील सत्य नाकारता येणार नाही. तेथे तिकीट नसते पण दाराला कुलूप असते. किल्ली कोणा शेजाऱ्याकडे असते, तो शेजारी शेतावर असतो, आणि लांबून आलेला माणूस कुलपाच्या फटीतून आतल्या अंधारात डोकावून परततो. विनामूल्य पण बंद, की सशुल्क पण उघडे? अशी निवड समोर ठेवली की तिकिटाची बाजू वरचढ ठरते. माझा आक्षेप या निवडीलाच आहे, कारण तिसरी वाट इटलीतच चालून दाखवलेली आहे. इटलीच्या टूरिंग क्लब या पर्यटनप्रेमींच्या संस्थेने २००५ पासून एक उपक्रम चालवला आहे. त्यात स्वयंसेवक ठरावीक वेळी चर्च आणि अन्य वास्तूंमध्ये थांबतात, दार उघडे ठेवतात, आलेल्यांचे स्वागत करतात आणि विचारल्यास माहिती देतात. मिलानसारख्या शहरात यामुळे एरवी बंद राहिल्या असत्या अशा वास्तू लोकांना मोकळ्या झाल्या. निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, त्याच गल्लीत राहणारी माणसे हे काम मन लावून करतात. अशा स्वयंसेवकाने दोन वाक्ये सांगून दाखवलेली वेदी आणि तिकिटासोबत मिळालेल्या ध्वनियंत्रावर ऐकलेली वेदी यांतला फरक ज्याने अनुभवला आहे त्याला तो पटवून द्यावा लागत नाही.

गर्दीचे कारणही पुढे केले जाते. तिकीट लावले की गर्दी आटोक्यात येते, असे म्हणतात. रोमच्या सांत इन्यात्सिओ चर्चचा अनुभव येथे उपयोगी पडतो. आंद्रेया पोत्सो या जेझुइट चित्रकाराने १६९४ च्या सुमारास पुरे केलेले तेथील छतावरचे चित्र डोळ्यांना पूर्णपणे चकवते. भिंती जणू आकाशात उंच चढत गेल्या आहेत असा भास होतो, आणि जो घुमट दिसतो तो मुळात घुमटच नसून सपाट पृष्ठावर ताणलेले चित्र आहे. छत खालूनच नीट पाहता यावे म्हणून दालनात एक तिरका आरसा ठेवला आहे. गेल्या काही वर्षांत त्या आरशात स्वतःसह छताचे छायाचित्र काढून समाजमाध्यमावर टाकण्याची अशी लाट आली की आरशासाठी लांबच लांब रांगा लागू लागल्या. गर्दी झाली ती आरशाची. आरशापासून चार पावलांवर, जमिनीवर बसवलेल्या खुणेच्या दगडावर उभे राहून मान वर केली तर पोत्सोला अभिप्रेत असलेले दृश्य कोणालाही, एक पैसा न देता आणि रांगेत न थांबता दिसते. अशा गर्दीवर वेळ ठरवून देणे, एका वेळी किती माणसे आत असावीत याची मर्यादा घालणे, मिस्सेच्या, म्हणजे मुख्य उपासनाविधीच्या, वेळी छायाचित्रणास मनाई करणे, हे उपाय आहेत आणि त्यांपैकी एकाही उपायाला पैशाची गरज नाही. पैशाने गर्दी गाळली जाते तेव्हा गाळला जातो तो गरीब माणूस. उतावीळ माणूस पाच युरो देऊनही उतावीळच राहतो.

इटलीतील या प्रश्नाचा एक धागा आपल्याकडे थेट येऊन पोहोचतो. जुन्या गोव्याची बॉ जेझू बासिलिका १५९४ ते १६०५ या काळात जेझुइटांनी बांधली आणि तिच्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव आहे. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ती पेटी ठेवली आहे तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट म्हणून पाठवला होता. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला गेला. म्हणजे इटालियन बरोक शिल्पाचा अस्सल नमुना पाहायला मराठी माणसाला गोव्याच्या पुढे जावे लागत नाही, आणि तो पाहायला तिकीटही लागत नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सहलीला आलेली शाळकरी मुले, नवस फेडायला आलेले कोकणातले कुटुंब, सगळी त्याच दारातून आत जातात आणि आत काय करायचे ते ज्याचे तो ठरवतो. या मोकळेपणाचे मोल मोठे आहे. त्याचबरोबर तेथील छपराच्या गळतीविषयी आणि जतनाच्या कामातील दिरंगाईविषयी अलीकडच्या वर्षांत ज्या तक्रारी जाहीरपणे मांडल्या गेल्या त्या पाहता, मोकळे दार आणि चोख निगा या दोन्ही गोष्टी एकदम मागितल्या पाहिजेत. एकीच्या नावाखाली दुसरी सोडून देण्याची सवय आपल्यालाही लागू शकते.

आपल्याकडील देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शन देण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि तिच्यावर न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. हे प्रकरण लेच्चेच्या प्रश्नाहून वेगळे आहे. आपल्याकडे पैसा भाविका-भाविकांत भेद करतो, तिकडे तो भाविक आणि पाहुणा यांच्यात भेद करतो. पण दोन्हीकडे उंबरठ्यावर माणसांची वर्गवारी होते, आणि जी वास्तू वर्गवारी विसरायला लावण्यासाठी उभारली तिच्याच दारात ती व्हावी याचा मला खेद वाटतो.

लेच्चेच्या धर्मप्रांताने तिकीट उद्या मागे घ्यावे, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून होणार नाही. नेमलेले कर्मचारी आहेत, केलेले करार आहेत, हाती घेतलेली कामे आहेत. पण काही गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. तिकिटातून वर्षाला किती रक्कम आली आणि ती कोणत्या चर्चच्या कोणत्या कामावर गेली, याचा हिशोब चर्चच्या दारात, ज्याला वाचायचा आहे त्याला वाचता येईल असा लावावा. सांता क्रोचेचे मुख्य दालन दररोज काही तास, आणि रविवारी संपूर्ण दिवस, सर्वांना विनातिकीट आणि विनाप्रश्न खुले ठेवावे. नगरपालिकेने मुक्कामाच्या कराचा हिस्सा ठरवून तो लेखी स्वरूपात धर्मप्रांताशी बांधून घ्यावा. तो हिस्सा जसजसा वाढेल तसतसे विनातिकीट तास वाढवत न्यावेत, आणि शेवटी तिकीटखिडकी बिशप परिषदेने सांगितलेल्या जागी, म्हणजे घंटामनोऱ्याच्या आणि संग्रहालयाच्या तोंडाशी, हलवावी.